गंगाथडीचे वाळवंट

एकनाथांच्या चरित्रातला एक प्रसंग शिकविताना दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक अडचण उभी राहिली. प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. भर दुपारची वेळ, पैठणला गोदावरीचे वाळवंट तापलेले, त्यात एका अंत्यजाचे पोर चुकून मागे राहिलेले आणि पाय पोळल्याने रडत असलेले. स्नानाला निघालेले नाथ त्याला कडेवर उचलून घेतात आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचवितात. नाथांच्या समतादृष्टीचे उदाहरण म्हणून हा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पैठणला वाळवंट कुठून आलं?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. वाळवंट म्हणजे राजस्थानातले नव्हे, नदीच्या पात्रातला वाळूचा पट्टा, असे दोन वाक्यांत सांगून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो. नंतर प्राध्यापक कक्षात बोलताना लक्षात आले, की विचारणारा विद्यार्थी घनसावंगी तालुक्यातला, गोदावरीच्या अगदी काठावरच्या गावचा होता. त्याने आयुष्यभर जी नदी पाहिली तीत वाळूचा पट्टा नव्हताच. शब्द त्याला कळला नाही याचे कारण शब्दकोशात शोधण्याऐवजी त्याच्या गावच्या नदीत शोधायला हवे होते. आम्ही दोघेही मराठी शिकवितो. भूगोल हा आमचा विषय नव्हे. तरीही त्या एका प्रश्नामुळे गेली दोन वर्षे आम्ही जमेल तसे नदीचे पात्र वाचीत आलो आहोत. प्रस्तुत लेख त्या वाचनाचा.

'पात्र' हा शब्दच आपल्याकडे मोठा गमतीचा आहे. नदीला पात्र असते, देवघरात पात्र असते, नाटकातही पात्र असते. ज्यात काही धारण केले जाते ते पात्र, एवढा अर्थ तिन्हींना सामायिक. नाटकातले पात्र बदलते, विकसित होते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. नदीचे पात्र मात्र आपण नेपथ्य म्हणून गृहीत धरतो. ज्ञानदेवकालीन, नाथकालीन वा शाहिरी वाङ्मयातली गोदावरी आणि पुलावरून बसमधून दिसणारी गोदावरी एकच, असे समजून आपण वाचतो. हे समजणे अर्धे बरोबर आणि अर्धे चूक आहे. या दोन अर्धांची फोड करणे हेच आमचे प्रयोजन होय.

बरोबर अर्धे आधी पाहू. नदी पात्र बदलते असे म्हटले की आपल्यापुढे उत्तरेतल्या नद्या येतात. बिहारातली कोसी दोनअडीचशे वर्षांत शंभर किलोमीटरांहून अधिक पश्चिमेकडे सरकली आणि १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातल्या कुसहा येथे तटबंध फुटल्यावर पुन्हा आपल्या जुन्या वाटांनी पूर्वेकडे धावली. तसले काही दख्खनच्या पठारावर घडत नाही. इथल्या नद्यांच्या तळाशी काळा पाषाण आहे आणि दोन्ही काठांना चिवट, चुनखडी मिसळलेल्या जुन्या गाळाच्या उंच भिंती आहेत. विश्वास काळे आणि शरद राजगुरू या दोन अभ्यासकांनी वायव्य दख्खनमधील नद्यांच्या गाळाचा इतिहास १९८७ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडला. त्याचा आशय आमच्यासारख्यांच्या भाषेत सांगायचा तर असा : शेवटच्या हिमयुगाच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस दुबळा होता, नद्यांना गाळ वाहून नेणे झेपेना, तो दऱ्यांतून साचत गेला, पुढे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस बळावला आणि नद्यांनी आपणच साठविलेला गाळ चिरून खोल वाट काढली. आज जिला आपण गोदावरीची दरड म्हणतो ती या चिरण्याची कड आहे. एवढ्या खोल वाटेत उतरलेली नदी सहजासहजी शेजारच्या शिवारात जात नाही.

याचे वाङ्मयीन प्रमाण आमच्या हाताशी होते, पण आम्ही ते तसे कधी वाचले नव्हते. हालाच्या गाथासप्तशतीत गोदावरी 'गोला' या प्राकृत नावाने पुन्हा पुन्हा येते. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ सालच्या आवृत्तीमुळे मराठी वाचकाला ती सुगम झाली. त्यातील एका गाथेत नायिका गोलेचा उतार अवघड असल्याचे निमित्त करून नायकाच्या छातीवर स्वतःला झोकून देते आणि तोही तिला सावरण्याच्या मिषाने घट्ट धरतो. शृंगाराचे उदाहरण म्हणून आम्ही ती शिकविली आहे, ध्वनीचे उदाहरण म्हणूनही शिकविली आहे. मात्र ते निमित्त ऐकणाऱ्याला पटावे यासाठी गोदावरीचा काठ खरोखरच उभा आणि घसरडा असला पाहिजे, आणि तो तसा होता हे श्रोत्यांना ठाऊक असले पाहिजे, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. सातवाहनांच्या परिसरातल्या कवीला माहीत असलेला तो उभा उतार आजही शहागडपासून खाली कुठल्याही गावच्या पाणवठ्यावर अनुभवता येतो.

दुसरे प्रमाण जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. सांची येथील दानलेखांत या नगरीच्या रहिवाशांची नोंद आहे. १९७३ च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी तिथे केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे थर उघडे झाले. तिथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतल्या पॉम्पेईच्या हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य हा इतिहासप्रेमींचा आवडता विषय आहे. आम्हांला मात्र त्याहून साधी गोष्ट महत्त्वाची वाटली. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते नगर केळणा नदीच्या काठी होते आणि आजचे भोकरदनही केळणेच्याच काठी आहे. राष्ट्रकूटकाळातली मानली जाणारी लेणीही याच नदीकाठच्या खडकात कोरलेली आहेत. माणसाने नदीच्या कडेला ठोकलेली ही खूण हलत नाही, आणि नदीही तिच्यापासून हललेली नाही.

महानुभावांची स्थानपोथी ही याच वाटेवरची आणखी एक पायरी. श्रीचक्रधर जिथे जिथे थांबले, बसले, निजले त्या स्थानांची ही चौदाव्या शतकातली यादी मुनिव्यासांच्या नावावर आहे आणि वि. भि. कोलत्यांनी ती संपादित केली आहे. लीळाचरित्राचा परिशिष्टवजा ग्रंथ म्हणून विद्यार्थी तिच्याकडे पाहतात, किंबहुना पाहतच नाहीत. वस्तुतः मराठीतले ते एक आगळे भूवर्णन आहे. देऊळ कोणत्या मुखाचे, त्याच्या कोणत्या दिशेला कोणते स्थान, गाव कुठे आणि 'गंगा' कुठे, हे ती श्रद्धाळूपणे, म्हणूनच काटेकोरपणे सांगते. भक्ताला नेमक्या जागी मस्तक टेकवायचे असते, तेव्हा दिशा चुकून चालत नाही. नदीच्या इतिहासासाठी इतका निःस्वार्थी साक्षीदार शोधून सापडणार नाही. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांच्या आणि स्थळांच्या धार्मिक अर्थांवर लिहिताना अशा साहित्याचा फार चांगला उपयोग केला आहे. आपल्याकडच्या मराठी विभागांतून त्या वाटेने कोणी फारसे गेलेले दिसत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

तर रेषा तीच राहिली. आता चूक अर्धे.

नदीची रेषा आणि नदीचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर गोदावरी जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा आखते. अंबड, घनसावंगी आणि परतूर हे तालुके अलीकडे आणि मुख्यतः बीड जिल्हा पलीकडे. १ मे १९८१ रोजी जिल्हा निर्माण झाला तेव्हा ही सीमा कागदावर आली, नदी अर्थातच त्याआधीपासून ती पाळीत होती. पण त्या रेषेच्या आत पात्राची रुंदी, खोली, वळणाची धार आणि तळाचा ऐवज या गोष्टी सतत हलत असतात. वळणावर पाणी बाहेरच्या काठावर आदळते, तो खालून पोखरते, आणि वरची दरड एके दिवशी उभीच्या उभी खाली येते. आतल्या बाजूला पाण्याचा वेग मंदावतो, तिथे वाळू आणि गाळ बसतो. एका गावाचे शेत जाते आणि समोरच्या गावाला मळई मिळते. गोदाकाठच्या बाबतीत समोरचे गाव बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातले असते, त्यामुळे जमिनीचे असे जिल्हांतर पावसाळ्यागणिक घडते आणि त्यासाठी शासनाची अधिसूचना लागत नाही.

'मळई' हा शब्द आम्हांला फार आवडतो. तो कवितेत क्वचितच दिसेल, पण महसुली मराठीने तो जपून ठेवला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात मळईने वाढलेल्या जमिनीची आकारणी आणि पाण्याने वाहून गेलेल्या जमिनीवरची आकारणी कमी करणे यासाठी लागोपाठची दोन कलमे आहेत, ६५ आणि ६६. एका कलमात नदीचे देणे, पुढच्या कलमात नदीचे घेणे. ठरावीक क्षेत्राहून कमी असेल तर दोन्हींकडे दुर्लक्ष, अशी उदारताही त्यात आहे. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतर त्याच नावाच्या राज्यात होता, तिथे १३१७ फसलीचा महसूल कायदा चाले. कायदे बदलले तरी नदी देते आणि घेते हे गृहीत सर्वांच्या मुळाशी राहिले. नदीला चंचल प्रवृत्तीची पण हिशेबाला पक्की अशी एक खातेदार मानूनच हे लिहिले गेले असावे, असा आमचा ग्रह झाला.

हा हिशेब केव्हा बिघडला हे आम्हांला ग्रंथालयात कळले नाही, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितले. घनसावंगी तालुक्यात नदीच्या कडेला त्यांची जमीन आहे, म्हणजे होती तेवढी नाही. दरडीच्या काठावर उभे राहून त्यांनी खाली बोट दाखविले आणि म्हणाले, "आधी गंगा नेत होती तशी टाकत बी होती. आता नेती, टाकत नाई." पुढे त्यांनी आमच्या पायाखालच्या भेगेकडे लक्ष वेधले आणि जरा मागे सरकायला सांगितले. आम्ही चटकन सरकलो.

त्यांच्या वाक्याचा उलगडा पैठणला होतो. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे, एकूण साठा जवळजवळ १०२ टीएमसी. मराठवाड्याच्या कोरड्या शिवारांसाठी हे केवढे होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्यापैकी एकाचे बालपण डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात गेले आहे, धरणाला नावे ठेवण्याचा अधिकार आम्ही स्वतःला देत नाही. पण धरण पाणी सोडते तेव्हा वाळू सोडीत नाही. नाशिक आणि अहिल्यानगरच्या डोंगरांतून, प्रवरा-मुळांतून येणारी भरड वाळू नाथसागराच्या तोंडाशीच बसते. खाली येणारे पाणी गाळाविना, भुकेलेले असते आणि भूक भागविण्यासाठी ते तळ आणि काठ खाते. धरणाखाली डावीकडून मिळणारी गल्हाटी आणि उजवीकडून मिळणारी सिंदफणा या उपनद्यांनी थोडी भर घातली असती, तर त्यांच्यावरही प्रकल्प झाले.

नवी वाळू येणे थांबल्यावर जुनी उरली असती तरी शब्दाचा अर्थ काही पिढ्या टिकला असता. पण शहरे वाढली, काँक्रीट वाढले आणि वाळूला भाव आला. पूर्वी बैलगाडीने न्यायची ती ट्रॅक्टरने, मग हायवाने. पाण्याखालची काढायला केणी आली, सक्शन पंप आले. सरकारी कागदांत लिलावाच्या तुकड्यांना 'वाळूघाट' म्हणतात. ज्या नदीला दगडी पायऱ्यांचा घाट होता, तिच्यावर हा नवा घाट कोणी बांधला याची नोंद कुठल्या ताम्रपटात सापडणार नाही. लहान खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरणाची परवानगी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये बजावले. त्यानंतरही रात्रीच्या वेळी नदीकाठच्या रस्त्याला काय ऐकू येते ते काठावरच्या विद्यार्थ्यांनी आम्हांला सांगितले आहे. त्याचे तपशील इथे देत नाही.

वाळू गेली म्हणजे काय काय गेले? आम्ही यादी करायला बसलो तेव्हा ती यादी शब्दांचीच झाली. झिरा गेला. उन्हाळ्यात वाळूत हातभर खड्डा उकरला की वाळूने गाळलेले, गार पाणी वर येई, तो झिरा. वाडी गेली. दिवाळीनंतर पाणी ओसरले की पात्रातल्या वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या पडत, शेणखताचे आळे करून वेल लावले जात आणि मृगापूर्वी नदी आपली जमीन परत मागून घेई. उतार गेला, म्हणजे पायी नदी ओलांडण्याची जागा. पाण्याचा थर आणि वाळूची जाडी पाहून वाट ठरविणारी माणसे गेली. काठावरच्या विहिरी पूर्वी पात्रातल्या वाळूत मुरलेले पाणी मागाहून पीत, त्या आता नदीच्या खोल गेलेल्या तळाकडे उलट्या निथळतात.

आणि अर्थातच वाळवंट गेले. वारकरी परंपरेत चंद्रभागेचे वाळवंट ही कीर्तनाची रंगभूमी आहे. देवळाच्या उंबरठ्यावर ज्यांना अडविले त्यांना वाळवंटात कोणी अडवू शकत नव्हते, कारण ती जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हती आणि दरवर्षी पुराने धुऊन निघत होती. नाथांच्या कथेतले ते पोर वाळवंटात आहे याला म्हणूनच अर्थ आहे. गावाच्या आत ते नाथांना भेटले नसते, तिथे वाटा वाटून दिलेल्या होत्या. सर्वांची आणि कोणाचीच नसलेली ती एकच जागा होती, जिथे स्नानाला जाणारा ब्राह्मण आणि पाण्याला आलेल्या महारणीचे लेकरू यांची वाट एक होई. वाळवंट म्हणजे रेताड ओसाड प्रदेश, हा अर्थ शालेय भूगोलाने रूढ केला असावा, असा आमचा तर्क आहे. त्या अर्थाने वाचले तर नाथ फक्त दयाळू ठरतात. नदीच्या अर्थाने वाचले तर त्या दयेची जागा कळते, आणि पुढे ते पोर घेऊन नाथ ज्या वस्तीत शिरतात तिथवरचे अंतरही कळते. एवढा फरक एका शब्दाने पडतो.

रिकाम्या पात्रात नंतर जे आले त्याचे वर्णन थोडक्यात करतो. धरणामुळे मध्यम पूर येईनासे झाले, तेव्हा तळात वेडी बाभूळ आणि पाणकणीस माजले. त्यापुढे गेल्या वीसेक वर्षांत जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे उच्च पातळीचे बंधारे झाले आणि वाहत्या नदीचे लांबट तलाव झाले. उसाला पाणी मिळाले, हे खरे. पण जुनी नदी ही संज्ञा त्याला लागू होत नाही. मोठे पूर मात्र थांबले नाहीत. ऑगस्ट २००६ मध्ये पैठणपासून खालचा काठ बुडाला, आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडीचे सत्तावीसही दरवाजे उघडावे लागले तेव्हा अंबड, घनसावंगी, परतूरचा गोदाकाठ पुन्हा पाण्याखाली गेला. मधल्या काळात पात्र पात्राचे काम विसरलेले असते. झाडीने आणि खड्ड्यांनी भरलेल्या वाटेतून पाणी वाट काढते तेव्हा ते जुन्या वळणांचा मान ठेवीत नाही. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांची आणखी काही गुंठे जमीन त्या आठवड्यात गेली. मळई कुठेच पडली नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी, जालन्यात, कुंडलिकेचे वेगळेच झाले आहे. तिचे पात्र दोन्ही बाजूंनी इतके आवळले गेले, की नव्या पिढीला ती नाला वाटते. २०१२-१३ च्या दुष्काळाने जालना शहर टँकरवर आले, तेव्हा निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचा गाळ लोकांनी काढला. ते काम मोलाचे होते. त्यानंतर सर्वत्र 'खोलीकरण' हा मंत्र झाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने तो गावोगाव नेला. काही ठिकाणी विहिरींना पाणी आले, काही ठिकाणी यंत्राने नाल्याची वाळू, मुरूम आणि वळण तिन्ही काढून टाकले आणि सरळ चर उरला. अर्थतज्ज्ञ ह. मा. देसरडा यांनी या पद्धतीविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली, त्यातून चौकशी समिती नेमली गेली. त्या वादात शिरण्याची आमची तयारी नाही. फक्त इतकेच, की 'खोली' हा गुणवाचक शब्द आम्ही कवितेबद्दल फार सैलपणे वापरतो, तो नदीबद्दल वापरतानाही जरा थांबावे.

गेल्या मे महिन्यात एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही गोदाकाठी गेलो. प्रश्न विचारणारा विद्यार्थी आता द्वितीय वर्षात आहे, वाट त्यानेच दाखविली. दोन बंधाऱ्यांच्या मध्ये, वळणाच्या आतल्या बाजूला, वाळूचा एक पट्टा उरला आहे. वाहन उतरत नाही म्हणून उरला, असे तो म्हणाला. पन्नासेक पावले लांब, दहाबारा पावले रुंद. दुपारचे दोन वाजले होते. एका विद्यार्थिनीने चपला काढून त्यावर पाय ठेवला आणि लगेच उचलला.